परदेशी गेलेल्या आई-वडिलांचा मुक्काम वाढविताना

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुके. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या गावांतून शिक्षणासाठी पुण्याला आणि तेथून नोकरीसाठी अमेरिकेला गेलेली मुले आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यांच्यामागोमाग नातवंडांच्या ओढीने आई-वडीलही 'व्हिजिटर' व्हिसावर जातात. परतीची वेळ आली असतानाच मायदेशी संघर्ष पेटला, तर त्यांचा मुक्काम वाढविता येतो काय, हा प्रश्न २०२५ मधील घडामोडींनी पुढे आणला.

पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. ३० एप्रिलला भारतानेही तेच केले. ७ मे रोजी 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले. उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ प्रवासी वाहतुकीसाठी बंद करण्यात आले. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली आणि १२ मे रोजी हे विमानतळ खुले झाले. पुढे २३ जूनला इराणने कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागल्याने आखाती मार्गावरील उड्डाणेही विस्कळित झाली.

व्हिसा वेगळा, मुक्काम वेगळा

पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा असला, तरी दहा वर्षे राहण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. किती दिवस राहायचे, हे अमेरिकेत उतरल्यावर विमानतळावरील अधिकारी ठरवितो. ती तारीख 'आय-९४' या नोंदीत असते आणि ती संकेतस्थळावर पाहता येते. पाहुण्यांना साधारणतः सहा महिने मिळतात. मुक्काम वाढविण्यासाठी ही तारीख उलटण्यापूर्वी 'आय-५३९' हा अर्ज करावा लागतो. तो किमान ४५ दिवस आधी करावा, अशी तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवेची सूचना आहे. आई व वडील दोघे असल्यास एकाचा मुख्य अर्ज आणि दुसऱ्याची 'आय-५३९ए' ही पुरवणी जोडता येते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले शुल्क ऑनलाइन अर्जाला ४२० व कागदी अर्जाला ४७० डॉलर असे होते. अर्ज करताना चालू दर तपासून घ्यावा.

कारण नेमके हवे

अर्जात तीन गोष्टी पटवाव्या लागतात : मुक्काम का वाढवायचा, तो तात्पुरताच कसा आहे आणि त्या काळातील खर्च कोण करणार. मायदेशी संघर्ष आहे, एवढे म्हटल्याने परवानगी आपोआप मिळत नाही. बंद झालेल्या ३२ विमानतळांत मुंबई व पुण्याचा समावेश नव्हता. त्यामुळे जुन्नरच्या अर्जदाराने 'गावात युद्ध चालू आहे' असे लिहिणे खोटे ठरेल आणि तेच अंगाशी येईल. त्याऐवजी रद्द झालेल्या विमानाची सूचना, नव्या तिकिटाची तारीख, लांबलेला प्रवास वृद्धाला झेपणार नसल्याचे डॉक्टरांचे पत्र, असे पुरावे द्यावेत. मागायची मुदतही गरजेपुरतीच असावी.

परत येण्याचा हेतू दाखविण्यासाठी शेतीचा सातबारा उतारा, घराची कागदपत्रे, निवृत्तिवेतनाचे पुस्तक उपयोगी पडते. मराठी कागदासोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर द्यावे लागते. ते पूर्ण व अचूक आहे आणि आपण ते करण्यास सक्षम आहोत, असे भाषांतरकाराने लेखी प्रमाणित करावयाचे असते. मुलाची वेतनचिठ्ठी व बँकेचा तपशील खर्चाच्या पुराव्यासाठी चालतो.

मुदत उलटल्यास

वेळेत केलेल्या अर्जाचा निर्णय प्रलंबित असताना 'आय-९४'ची तारीख गेली, तरी त्या काळातील वास्तव्य सहसा बेकायदा मोजले जात नाही. अर्ज नाकारला गेला, तर मात्र दिवस मोजणे सुरू होते आणि त्वरित निघणे श्रेयस्कर. १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून परतल्यास तीन वर्षे, तर एक वर्ष किंवा अधिक राहिल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी लागू होते. मुदत ओलांडून राहिल्याने हाती असलेला व्हिसाही रद्दबातल ठरू शकतो. विलंब आवाक्याबाहेरील असाधारण कारणाने झाला असेल, तर उशिरा केलेला अर्ज स्वीकारण्याचा अधिकार तेथील यंत्रणेला आहे. परंतु तो हक्क नव्हे. निर्णयापूर्वीच विमान मिळाल्यास परत यावे आणि अर्जाची पावती व बोर्डिंग पास जपून ठेवावा. पुढील भेटीच्या वेळी हेच कागद साक्ष देतात.

अन्य देशांत

युरोपातील शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे. तथापि, अपरिहार्य परिस्थिती किंवा मानवतावादी कारण सिद्ध झाल्यास व्हिसाची मुदत विनाशुल्क वाढविण्याची तरतूद तेथील व्हिसा संहितेत आहे. कॅनडात मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करावा, असे सांगितले जाते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर '८५०३' ही अट असल्यास आधी तिच्यातून सूट मागावी लागते.

घरची व्यवस्था

मुक्काम वाढला की प्रवासी आरोग्य विम्याची मुदतही संपण्यापूर्वी वाढवावी. अशा अनेक विम्यांत जुन्या आजारांचा खर्च वगळलेला असतो, त्यामुळे रक्तदाब-मधुमेहाच्या औषधांची सोय आधी पाहावी. पासपोर्टची मुदत संपत आली असेल, तर भारतीय वाणिज्य दूतावासामार्फत नूतनीकरण होते. निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला विसरून चालत नाही. तो दूतावासातील अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून पाठविता येतो.

नातवंडांसोबत आणखी चार महिने मिळावेत, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु संघर्षाचे निमित्त करून मिळविलेले चार महिने पुढील दहा वर्षांच्या भेटी हिरावून घेऊ शकतात. गरज खरी असेल, तर ती वेळेत आणि पुराव्यानिशी मांडणे, हाच राजमार्ग होय.