मोलिंगचा पाट

आयर्लंडच्या आग्नेयेला, कार्लो काउंटीच्या दक्षिण टोकावर सेंट मलिन्स हे बॅरो नदीकाठचे छोटे पॅरिश आहे. म्हणजे एका चर्चच्या कक्षेतली वस्ती. बॅरोची लांबी १९२ किलोमीटर. इथले शेवटचे जलद्वार ओलांडले की नदीला भरती-ओहोटी लागते. समुद्रातून आलेली होडी भरतीबरोबर इथवर पोचे. पूर्वेला ब्लॅकस्टेअर्सचे डोंगर. गावाचे आयरिश नाव ‘टिग मोलिंग’, मोलिंगचे घर.

मोलिंग हा सातव्या शतकातला संत, निधन इ. स. ६९७. पाणचक्कीसाठी त्याने सात वर्षे एकट्याने पाट खणला, मग प्रवाहाविरुद्ध चालत जाऊन तो पावन केला, अशी कथा आहे. संतचरित्रांत चमत्कार उदंड असतात. इथे मात्र चमत्काराच्या जागी कुदळ आहे, आणि मला तीच महत्त्वाची वाटते.

या पाण्याची खरी कसोटी १३४८ साली लागली. जवळच्याच किलकेनीतला फ्रान्सिस्कन साधू जॉन क्लिन आपल्या लॅटिन बखरीत लिहितो की, सप्टेंबर-ऑक्टोबरात बिशप, सरदार, सामान्य स्त्री-पुरुष असे हजारो लोक मोलिंगच्या पाण्यात चालायला लोटले. काही भक्तीने आले, बहुतेक प्लेगच्या भीतीने. क्लिन नुसते ‘पाणी’ म्हणतो. गावात मोलिंगच्या नावाची विहीरही आहे; पण विहिरीवर ओंजळ भरता येते, झुंडीने चालता येत नाही. म्हणून ते पाणी पाटाचेच असावे, असे माझे मत. (आपल्याकडेही ‘तीर्थ’ म्हणजे मुळात पाण्यात उतरण्याची जागा.)

रोग्याला किंवा प्रेताला शिवणाराही मरतो, हे क्लिनने स्वतःच नोंदले आहे. तरीही यात्रेला तो नावे ठेवत नाही. ज्या गर्दीत माणसे आसरा शोधत होती, तीच रोगाला सोयीची होती, हे आज आपल्याला दिसते. त्या पाण्यात उतरलेल्यांना घरी बसून तरी काय करता आले असते?

पुढे क्लिन लिहितो की, आदमच्या वंशातला कुणी वाचलाच, तर त्याने हे काम चालवावे, म्हणून मी कोरे चर्मपत्र सोडून जात आहे. त्यानंतर १३४९ च्या थोड्याच नोंदी आहेत. मग दुसऱ्या हाताने लिहिले आहे: लेखक येथे मरण पावला असे दिसते.

सेंट मलिन्सला अजूनही दर जुलैत एका रविवारी संताची जत्रा भरते. माणसे विहिरीवर जातात, आपापल्या थडग्यांपाशी उभी राहतात.