दामाजीपंतांची पावती

मायबाप हो, पंढरीहून मंगळवेढं काही लांब नाही. दामाजीपंतांची कथा तुम्हां सगळ्यांना ठाऊक. महिपतींनी ती भक्तविजयात सांगितली आहे. बेदरच्या बादशहाचा अंमल, दुर्गादेवीचा दुष्काळ. सरकारी कोठारं धान्यानं भरलेली आणि दाराशी माणसं मरताहेत. पंतांनी हुकमाची वाट पाहिली नाही, कोठारं लुटवली. मग बादशहाचं बोलावणं आलं, तेव्हा पांडुरंग विठू महार होऊन दरबारात गेला, मोहरा ओतल्या आणि पावती घेऊन आला. बरं का, देवानंसुद्धा पावती घेतली!

आता जरा विचार करा. त्या काळी दुष्काळात जगणं हे एका माणसाच्या दयेवर होतं. दामाजी भेटला तर वाचला, नाही भेटला तर गेला. १६३० च्या दुष्काळात देहूला तुकोबारायांच्या घरी कोण आलं? दुकान बसलं, पत्नी अन्नाविना गेली. पुढं महाराजांनी स्वतःच्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. ज्यानं भूक पाहिली, त्यालाच दुसऱ्याचं देणं माफ करणं सुचतं.

पुढं इंग्रजांचं राज्य आलं. १८७६ चा दुष्काळ पडला. सरकारनं खडी फोडायची कामं काढली, पण मजुरी ठरवली ती गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. अर्धा किलोसुद्धा नाही! दख्खनच्या लोकांनी ती कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. नंतर १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, त्यातून दुष्काळसंहिता झाली. १८८४ च्या कायद्यानं शेतकऱ्याला तगाई मिळू लागली. पण तगाई म्हणजे कर्जच, ते फेडावं लागे. १८९६ ला पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा लोकमान्यांनी केसरीतून गावोगाव सांगितलं, 'कायद्यात तुमचा हक्क लिहिला आहे, तो मागा.' आणि १९७२ च्या दुष्काळात हाताला काम मिळालं, त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला.

आज काय आहे? २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्याखाली राज्याचा आपत्ती निधी असतो, आपल्या राज्यात त्यात शंभरातले ७५ रुपये केंद्राचे, २५ राज्याचे. पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेलं तर मदत मिळते. २०२२ च्या केंद्राच्या निकषांत ती कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००, आणि तीही दोन हेक्टरांपर्यंत. ही तगाई नव्हे, परत करायची नाही. गेलेल्या पिकाचं मोल यात भरून निघत नाही, हे खरं. पण पुन्हा पेरायला उभं राहावं, एवढ्यासाठी ती आहे.

तेव्हा मदत घेताना मान खाली घालू नका. ते कोठार तुमचंच आहे. मात्र देवानं पावती घेतली, तुम्हीही कागद सांभाळा. तलाठी, कृषी सहायक पंचनाम्याला आले की शेतात हजर राहा, आपलं नाव यादीत वाचून घ्या. आधार बँकखात्याला जोडलंय का, ते बघा.

आणि एक मागणं. शेत बुडालं नसताना बुडालं म्हणून लिहू नका. गळ्यात माळ घालून खोटा पंचनामा केला, तर विठ्ठलासमोर उभं कसं राहाल? शेजारी बटईनं कसणारा असतो. सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही, म्हणून पैसे मालकाच्या खात्यात येतात. बियाणं त्याचं गेलं, घाम त्याचा गेला. मालक असाल तर त्यातला त्याचा वाटा त्याच्या हातावर ठेवा. कायदा तुम्हांला विचारणार नाही, पण दामाजी विचारील.

बादशहाचं कोठार उघडायला एक दामाजी लागला. आता कोठार कायद्यानं उघडलंय, तरी शेवटच्या घरापर्यंत दाणा पोचवायला प्रत्येक गावात एक दामाजी लागतोच. तो तुम्ही व्हा.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!