विहिरीच्या पाण्यात कोण आहे?

जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत अतिसाराची साथ पसरली. विहिरीचे दूषित पाणी पिण्यात आल्यामुळे अनेक गावकरी आजारी पडले व काही जण दगावले. पर्यटकांना चिखलदरा म्हटले की धुके आणि गाविलगड आठवतो. पण मेळघाटातील पाड्यांवर पावसाळ्यात पाण्याचा प्रश्न जीवनमरणाचा होतो. विहीर दूषित झाली आहे हे माणसे आजारी पडण्यापूर्वी कळू शकत नाही काय? या साध्या प्रश्नामागे सुमारे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. तो आपण थोडक्यात पाहू.

१८८३ च्या अखेरीस रॉबर्ट कॉख कॉलऱ्याचा शोध घेत कलकत्त्याला आला. स्वल्पविरामाच्या आकाराचा जीवाणू त्याला रुग्णांच्या आतड्यात सापडला, तसाच तेथील एका तळ्याच्या पाण्यातही सापडला. रोगजंतू पाण्यातून येतो हे अशा रीतीने दिसून आले. परंतु रोज प्रत्येक विहिरीत प्रत्येक रोगजंतू शोधणार कसा? रोगजंतू संख्येने थोडे असतात आणि त्यांचे प्रकार पुष्कळ.

यावरचा तोडगा दुसरीकडून आला. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून एक जीवाणू वेगळा केला. पुढे त्याच्याच नावावरून त्याला एशेरिशिया कोलाय, थोडक्यात ई. कोलाय, हे नाव मिळाले. तो जवळजवळ प्रत्येकाच्या आतड्यात असतो व बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. तेव्हा तो पाण्यात सापडला तर त्या पाण्यात विष्ठा मिसळली आहे असे समजावे, ही कल्पना १८९२ मध्ये पुढे आली. चोर दिसत नसेल तर त्याच्या पावलांचे ठसे शोधावेत, तशीच ही युक्ती. आजही पाण्याची जीवाणूपरीक्षा याच तत्त्वावर चालते.

मात्र या परीक्षेत जीवाणू वाढवावे लागतात आणि त्याला एक-दोन दिवस लागतात. डोंगरातील गावाहून नमुना प्रयोगशाळेत पोहोचून निकाल परत येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेले असते. या अडचणीवर एक सुंदर भारतीय उपाय निघाला. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन आस्थापनेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये कागदी पट्टीची चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीत पोषकद्रव्ये आणि लोहाचा क्षार शोषलेली पट्टी असते. त्यात पाणी भरून ठेवायचे. विष्ठेतील अनेक जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तो लोहाशी संयोग पावला की काळे आयर्न सल्फाइड बनते आणि पाणी काळे पडते. याला सूक्ष्मदर्शक लागत नाही की वीज लागत नाही. पण येथेही जीवाणू वाढेपर्यंत थांबणे आलेच, शिवाय पाण्यात नेमका कोण आहे हे कळत नाही ते वेगळेच.

‘कोण’ या प्रश्नाचे उत्तर जीवाणूंच्या आरएनएने दिले. प्रत्येक पेशीत प्रथिने बनवणारे रायबोसोम हे कारखाने असतात. त्यांच्या रचनेत आरएनएचे रेणू असतात. त्यांपैकी ‘१६ एस’ या नावाचा रेणू सुमारे दीड हजार अक्षरांचा आहे. अमेरिकेतील कार्ल वोझ यांनी वेगवेगळ्या जीवाणूंमधील या रेणूचे तुकडे वर्षानुवर्षे ताडून पाहिले. काही भाग सर्वांमध्ये जवळजवळ सारखे असतात, तर काही भाग जातीनुसार बदलतात. म्हणजे हे जीवाणूचे ओळखपत्रच! १९७७ मध्ये वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी याच आधारे दाखवून दिले की, जीवाणूंसारखे दिसणारे काही सूक्ष्मजीव मुळात वेगळ्याच गटाचे आहेत. या गटाला आज आर्किया म्हणतात. जून २०२० मध्ये आपल्या वऱ्हाडातील लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण म्हणून क्षारप्रिय आर्कियाच आढळले होते.

ओळखपत्र मिळाले, आता ते झटपट वाचणारे साधन हवे. लिलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये विद्युतअग्रावर ग्लुकोज ओळखणारे विकर बसवण्याची कल्पना मांडली. जैविक घटकाने पदार्थ ओळखायचा आणि उपकरणाने त्याचा मोजता येणारा संकेत करायचा, हेच जैवसंवेदकाचे तत्त्व. मधुमेही घरी वापरतात ते रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र हे त्याचेच रूप. विकराच्या जागी जीवाणूच्या आरएनएला जुळणारा न्यूक्लिइक आम्लाचा छोटा धागा बसवला, तर तेच तत्त्व जीवाणू ओळखायला वापरता येते.

यात आरएनएचे दोन फायदे आहेत. वाढत्या पेशीत रायबोसोम हजारोंनी असतात, म्हणून मुळातच संकेत मोठा मिळतो. दुसरे म्हणजे, मेलेल्या जीवाणूचा डीएनए बराच काळ टिकतो, पण संदेशवाहक आरएनए काही मिनिटांतच तुटू लागतो. विहिरीत टीसीएल टाकल्यावर जंतू खरोखर मेले की नाहीत, हे विचारायचे असेल तर आरएनएची साक्ष अधिक उपयोगी. १९९१ मध्ये जे. कॉम्प्टन यांनी एकाच तापमानाला, सुमारे ४१ अंश सेल्सिअसला, आरएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत जाहीर केली. त्यामुळे दिवसांचे काम तासांवर आले.

आरएनएचा याहून नवलाचा गुण २००२ मध्ये उघड झाला. रोनाल्ड ब्रेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, जीवाणूंचे काही आरएनए स्वतःच विशिष्ट रेणूला धरून आपली घडी बदलतात आणि जनुक चालू किंवा बंद करतात. २०१२ मध्ये फ्लुओराइड ओळखणारा असा आरएनएही सापडला. तोच वापरून वाळवून ठेवता येणारी चाचणी तयार झाली आणि कोस्टा रिकातील पाण्यावर ती तपासली गेली. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फ्लुओराइडयुक्त पाण्याने दात व हाडे खराब होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या शोधाचे मोल कळते.

जीवाणूची नेमकी ओळख उपचारातही महत्त्वाची ठरते. पहिल्या महायुद्धात सोबतच्या सैनिकांना हगवण झाली, पण एक सैनिक ठणठणीत राहिला. आल्फ्रेड निस्ल यांनी १९१७ मध्ये त्याच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक वाण मिळवला. तो आजही आतड्याच्या काही विकारांत दिला जातो. म्हणजे जी जात पाणी दूषित असल्याची खूण, तिचाच एक वाण औषध! अशा उपकारक जीवाणूंना प्रोबायोटिक म्हणतात. ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम या जातीचा एक निवडक वाण त्याच्या पोषक शर्करेसह दिल्यावर जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. उलट २०१८ मध्ये अमेरिका व कॅनडातील मुलांच्या अतिसारावर दुसऱ्या वाणांचा काहीच उपयोग दिसला नाही. म्हणून ‘प्रोबायोटिक चांगले’ असे सरसकट म्हणता येत नाही. कोणता वाण, कोणाला आणि कशासाठी, हे विचारलेच पाहिजे. शिवाय आपल्या लोकांच्या आतड्यातील जीवाणूसृष्टीही वेगळी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात भारतीयांत प्रिव्होटेला व मेगास्फेरा हे जीवाणू विशेष आढळले. ती ओळखही १६ एस रेणूच्या जनुकावरूनच पटली.

आता पुन्हा विहिरीपाशी येऊ. आरएनए-संवेदक अजून ग्रामपंचायतीच्या कपाटात आलेले नाहीत, पण साधी साधने हाताशी आहेत. टीसीएल टाकल्यावर ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. काळी पडणारी पट्टीची बाटली शाळेत ठेवता येते. गावाला पाण्याचे हिरवे, पिवळे की लाल कार्ड मिळाले आहे, हे विद्यार्थी जलसुरक्षकाला विचारू शकतात. अतिसार झालाच तर पहिला उपाय जलसंजीवनीचा, प्रोबायोटिकचा नव्हे, हेही मुलांनी घरी सांगावे. आठवड्यातून एकदा आपल्या विहिरीची नोंद करणारा एक तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावावा, असे आम्ही सुचवू. आणि पहिल्या पावसानंतरची नोंद तर चुकवूच नये.