सर्दी-पडसे आणि इन्फ्लुएंझा

श्वासमार्गाचे दोन वेगवेगळे विषाणुजन्य आजार. घराघरांत ते सर्रास एकच समजले जातात आणि धोका त्यातच आहे. पडशाने धडधाकट माणूस सहसा दगावत नाही. इन्फ्लुएंझाने, म्हणजे फ्लूने, दगावू शकतो.

पडसे दोनशेहून अधिक विषाणूंमुळे होते. त्यांत ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सर्वांत मोठा, आणि त्याचेच शंभराहून अधिक प्रकार आहेत. एकाविरुद्ध प्रतिकारशक्ती आली तरी दुसरा गाठतोच; म्हणून पडसे आयुष्यभर पुन्हा पुन्हा होते आणि त्यावर लस निघालेली नाही. हा विषाणू ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास, नाकातल्या गारव्यात, जोमाने वाढतो. घसा खवखवतो, शिंका येतात, नाक वाहते, मग चोंदते. दोन-चार दिवसांनी शेंबूड घट्ट, हिरवट होतो. तो रंग शरीराच्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. तेवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू करणे चूक आहे. आठवडा-दहा दिवसांत बरे वाटते, खोकला मात्र रेंगाळतो.

फ्लू अचानक गाठतो. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून अंथरुणात असतो : सणसणून ताप, डोकेदुखी, मोडून आलेले अंग, कोरडा खोकला. लागण झाल्यावर १ ते ४ दिवसांत लक्षणे दिसतात. त्यांच्या आदल्या दिवसापासूनच रुग्णाकडून इतरांना लागण होऊ शकते. माणसांत दरवर्षी साथ येते ती मुख्यतः ए आणि बी या प्रकारांची. त्यांच्या पृष्ठभागावरची प्रथिने सतत थोडीथोडी बदलतात. ए प्रकार तर कधी इतका पालटतो की जगात जवळपास कोणाकडेच त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती उरत नाही.

१९१८ साली हेच घडले. जूनमध्ये मुंबईत आलेली साथ आधी सौम्य वाटली. सप्टेंबरात ती उग्र होऊन परतली आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्याच वर्षी पाऊस फसून धान्य महागले होते, अर्धपोटी माणसे तग धरू शकली नाहीत. भारतातील बळींचे अंदाज सव्वा ते दोन कोटींच्या घरात जातात. मेले त्यांत ऐन तारुण्यातले फार होते. साथीचे कारण ठरवताना त्या काळचे अनेक डॉक्टर एका जिवाणूला दोष देत होते. माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला १९३३ साली, लंडनमध्ये, फेरेट या प्राण्यांवरील प्रयोगांतून. ऑगस्ट २००९ मध्ये एच१एन१ या ए प्रकारातल्या विषाणूच्या नव्या साथीतील देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला.

फ्लूवरचे ऑसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणे दिसल्यावर पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. गरोदर स्त्रिया, वृद्ध, लहान मुले, मधुमेही आणि दमेकरी यांनी तपासणीला उशीर करू नये. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. गवती चहाचा काढा किंवा गरम पेज यांनी आराम पडतो, ती जरूर घ्यावीत. वाफाऱ्याचे उकळते पातेले मात्र मुलांपासून लांब ठेवावे, भाजण्याचे प्रकार घडतात.

लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि लशीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून ती मे महिन्यापर्यंत घेतलेली बरी. उतरलेला ताप पुन्हा चढला, धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर न्यूमोनियाची शंका धरून रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.