रिकाम्या पुंगळीचं कूळ

झाडलेल्या काडतुसाची पुंगळी पुन्हा भरायची, तर आधी ती उलटी करून तिचं बूड पाहतात. अमेरिकेसारख्या देशांत नेमबाज घरच्या टेबलावर पिस्तुलाची काडतुसं भरतात, आणि तिथे ही पारख रोजची. बुडावर अक्षरं कोणाची? प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, जिथे बसते त्या खाचेत भोक एक की दोन? तोंडापाशी केसाएवढी भेग तर नाही ना? या तिन्ही प्रश्नांमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला सर्वांत रंजक भाग हिंदुस्थानच्या पावसाळ्यात घडला.

अक्षरांचं उत्तर आपल्याकडे सोपं. .३२ रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ दिसलं की ती पुण्याच्या खडकीची. दापोडीहून हॅरिस पुलावरून मुळा ओलांडली की बोपोडी, आणि पुढे खडकीचा दारूगोळा कारखाना, स्थापना १८६९. पिंपरी-चिंचवड ही उद्योगनगरी म्हणून नावारूपाला येण्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी मुळेच्या पलीकडे हा कारखाना चालू होता. या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासात त्याचं नाव पहिल्या पानावर यायला हवं. सहसा येत नाही.

१८५७ चं काडतूस कागदी होतं. त्याच्या चरबीची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचली आहे. नंतरच्या दशकात बंदुका पुढून भरायच्या ऐवजी मागून भरायच्या ठरल्या आणि एक नवीच अडचण उभी राहिली: मागची फट बुजवायची कशाने? कागद जळून जातो आणि तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे झेपावतो. पितळाने हे काम अंगावर घेतलं. बार उडाला की पुंगळी फुगून भोवतालच्या पोलादाला घट्ट चिकटते, वायूची वाट बंद होते. दाब ओसरला की ती किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. तांबं फुगतं, पण पुरेसं आकसत नाही, अडकून बसतं. म्हणून सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त हे प्रमाण ठरलं, आणि आजही मोठ्या प्रमाणावर तेच चालतं.

वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी १८६० च्या दशकात जी पुंगळी केली ती मात्र एकसंध नव्हती. पातळ पितळी पत्रा गुंडाळून तिचं अंग करायचं आणि बूड वेगळं जोडायचं. जानेवारी १८८५ मध्ये सुदानात अबू क्लीच्या लढाईत ऐन वेळी ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री बंदुका अडकल्या, आणि गुंडाळलेल्या पत्र्याची पुंगळी बदनाम झाली. तिची जागा अखंड ओढलेल्या पुंगळीने घेतली.

ही ओढण्याची रीत भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमधल्या माणसाला नव्याने शिकवायला नको. पितळाची चकती पंचखाली घालून वाटी काढायची, वाटी ओढत ओढत नळी करायची. दर खेपेला धातू कडक होतो, म्हणून मध्ये मध्ये तापवून मऊ करायचा, आम्लात धुऊन काळपटपणा काढायचा, पुन्हा ओढायचा. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत हंडा घडवतानाही तांबं असंच अधूनमधून भट्टीत घालून नरम करतात, आणि शेवटी मठारून त्याला ताठपणा आणतात. पुंगळीत हा हिशोब इंचभर लांबीत सांभाळायचा असतो. बूड कडक हवं, नाहीतर टोपीची खाच सैल पडते. तोंड मऊ हवं, नाहीतर गोळी धरताना ते चिरतं.

आता ती भेग. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एक विचित्र अनुभव येई. गोदामात ठेवलेली, एकदाही न झाडलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. तडकण्याचा हंगाम पावसाचा, म्हणून या रोगाचं नावच ‘सीझन क्रॅकिंग’ पडलं. दोष दमट हवेवर ढकलला गेला आणि बरीच वर्षं तिथेच राहिला. खरा गुन्हेगार शेजारच्या तबेल्यात होता. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया ओलसर हवेत मिसळून पितळावर बसे. पण एकट्या अमोनियाचंही हे काम नाही. ओढताना धातूच्या पोटात ताण कोंडून राहिलेला असतो. अमोनिया कणाकणांमधल्या सीमा कुरतडतो आणि तो ताण तिथून पितळ फाडतो. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये याचा उलगडा छापला. इलाज अगदी साधा निघाला: शेवटी पुंगळी बेताने तापवायची, इतकीच की ताण निघून जावा आणि कडकपणा राहावा. ताणामुळे धातू तडकण्याच्या शास्त्रात हे उदाहरण आजही शिकवतात. त्या घोड्यांचा उल्लेख मात्र प्राध्यापक जरा घाईघाईनेच उरकत असावेत.

काडतुसं भरणारे अमोनिया असलेलं पॉलिश पुंगळ्यांना लावत नाहीत, त्याचं कारण हेच. सौम्य आम्ल चालतं. घरी पितळेची भांडी चिंचेने घासणारी पिढी या बाबतीत बरोबर होती.

राहिला भोकांचा प्रश्न. बॉक्सर पद्धतीच्या खाचेत मधोमध एक भोक असतं. त्यातून आतून सळई घालून वापरलेली टोपी सरळ बाहेर ढकलता येते. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या रचनेत साधारणतः दोन बारीक भोकं बाजूला असतात आणि मध्ये पुंगळीचाच उंचवटा. ती टोपी काढणं जिकिरीचं, म्हणून निवडताना अशी पुंगळी बाजूला पडते. गंमत अशी की इंग्रज बॉक्सरची रीत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकन बर्डनची रीत युरोपच्या व ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांत रुजली. .२२ च्या काडतुसाला तर हा पर्यायच नाही. तिचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोडा ती कडच चेपतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, ते याच एकदा वापरून संपणाऱ्या पुंगळ्यांवर.

आपल्याकडे मात्र पारख करून उपयोग नाही, कारण पुढची वाट कायद्याने अडवली आहे. हत्यारांवर परवान्याची सक्ती करणारा १८७८ चा कायदा व्हाइसरॉय लिटनच्या अमदानीतला. चिंचवडच्या दामोदर चापेकरांनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर ब्रिटिश अधिकारी रँडवर गोळी झाडली तेव्हा तो कायदा एकोणीस वर्षांचा होता. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही घातली. म्हणजे चाकणमधल्या ज्या प्रेसवर पितळाची कुठलीही वाटी बिनदिक्कत ओढता येते, तिथे हीच वाटी काडतुसासाठी ओढायची तर सरकारी परवाना लागतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून खडकी, देहूरोड आणि वरणगावचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीकडे आहेत. पोलिसांच्या सरावानंतर रिकाम्या पुंगळ्यासुद्धा वेचून, मोजून जमा कराव्या लागतात, आणि त्यांचा आकडा झाडलेल्या फैरींशी जुळावा लागतो.