तांबोपाताकाठची भागीदारी

पेरूच्या आग्नेय भागात, तांबोपाता नदीकाठी वसलेल्या इन्फिएर्नो गावातील एसे एहा आदिवासींनी व त्यांच्यासोबत राहणाऱ्या इतर कुटुंबांनी १९९६ मध्ये एका खासगी पर्यटन कंपनीशी वीस वर्षांचा करार केला आणि त्यातून १९९८ मध्ये ‘पोसादा आमासोनास’ हे वर्षावनातील, म्हणजे अतिपर्जन्याच्या सदाहरित अरण्यातील, पर्यटक निवास सुरू झाले. नफ्याचा ६० टक्के वाटा गावाचा, तर ४० टक्के कंपनीचा ठरला आणि कारभारात गावाने निवडलेल्या समितीला स्थान मिळाले. गावकरी वाटाडे झाल्याने हार्पी गरुडाची घरटी, महाकाय पाणमांजरांची सरोवरे आणि मकाव पोपट जिथली माती खातात ते नदीकाठचे कडे राखण्यात गावाचे हित गुंतले. अरण्यरक्षणासाठी स्थानिकांना केवळ रोजगार नव्हे, तर मालकीचा हक्क मिळायला हवा, हेच या प्रयोगाने सिद्ध केले.