भारणक्षम चालक घटक

संगणकाच्या परिचालन प्रणालीचा गाभा आणि संगणकाला जोडलेली उपकरणे यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस चालक म्हणतात. मुद्रक, चकती, पडदा, जालपत्र इ. उपकरणांची सांकेतिक भाषा भिन्न असल्याने प्रत्येक प्रकारास स्वतंत्र चालक लागतो. हे चालक गाभ्यात कायमचे न गुंफता सुट्या फाइलींच्या रूपाने ठेवणे आणि गरजेनुसार चालू गाभ्यात भारणे वा त्यातून काढून घेणे, या पद्धतीतील सुट्या भागांना भारणक्षम चालक घटक अथवा मॉड्यूल अशी संज्ञा आहे.

पूर्वेतिहास : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झालेल्या युनिक्स प्रणालीत उपकरणाच्या क्रमांकावरून त्याचा चालक शोधणारा तक्ता गाभ्यात असे. विभागणी अशा रीतीने आराखड्यात होती. परंतु सर्व चालक मिळून अखेर एकच आज्ञावली बने. नवे उपकरण जोडावयाचे झाल्यास गाभा नव्याने सिद्ध करून संगणक पुन्हा सुरू करावा लागे. एकाच संगणकावर अनेकजण काम करीत, त्या काळी सर्वांचाच खोळंबा होई. १९८३ मधील एमएस-डॉस २.० मध्ये चालकाचे नाव एका फाइलीत लिहिल्यास संगणक सुरू होताना तो भारला जाई.

विकास : सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९२ मध्ये आणलेल्या सोलॅरिस २ प्रणालीत लहान गाभा व बाकी बहुतेक भाग भारणक्षम, अशी रचना होती. लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सच्या १.२ या आवृत्तीत (मार्च १९९५) ही सोय होती. २.० आवृत्तीपासून (१९९६) गरज पडताच घटक आपोआप भारला जाऊ लागला. भारताना घटकातील अपूर्ण संदर्भ गाभ्यातील प्रत्यक्ष पत्त्यांशी जुळविले जातात. त्यानंतर घटक गाभ्याचाच भाग बनतो. त्यामुळे परिचालन प्रणालीची एकच प्रत निरनिराळ्या बनावटीच्या संगणकांवर चालू शकते. वर्धा जिल्ह्यातील एखाद्या शाळेला मिळालेल्या जुन्या, भिन्न संगणकांच्या दृष्टीने ही सोय मोलाची ठरते.

पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राने (स्थापना १९८८) १९९८ मध्ये सिद्ध केलेला परम १०००० हा महासंगणक सन कंपनीच्या संगणकांचा संच होता. त्यांना जोडणारे परमनेट हे जाल मात्र केंद्राने स्वतः घडविले. परक्या परिचालन प्रणालीत आपले उपकरण बसविण्याचा मार्ग सुटा चालक हाच असल्याने अशा स्वदेशी प्रयत्नांना ही पद्धती पोषक ठरते.

मर्यादा : घटक सुटा असला, तरी भारल्यावर त्याला गाभ्याचे सर्व अधिकार मिळतात, त्यातील एका चुकीने संपूर्ण संगणक बंद पडू शकतो. चालक गाभ्याबाहेर, स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालवावेत, असा सूक्ष्मगाभ्याचा पक्ष आहे. ॲन्ड्रू टॅनेनबाउम व तोरवाल्ड्स यांच्यात गाभ्याच्या रचनेवर १९९२ मध्ये जाहीर वाद झाला. टॅनेनबाउम यांच्या मिनिक्स ३ (२००५) या प्रणालीत चालक बाहेर ठेवलेले आहेत; मात्र संदेशांच्या देवघेवीमुळे अशा रचनेत वेग काहीसा घटतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या गाभ्यात चालणाऱ्या चालकाला सदोष माहिती-फाइल मिळाल्याने विंडोज प्रणालीचे सु. ८५ लाख संगणक जगभर बंद पडले; मुंबईसह भारतातील अनेक विमानतळांवर प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली.

दुसरा प्रश्न मालकीचा आहे. चालकाची मूळ संहिता निर्मात्याने गुप्त ठेवली व पुढे त्यात सुधारणा करणे थांबविले, तर नव्या गाभ्याबरोबर धडधाकट उपकरणही निरुपयोगी होते. संहिता खुली असल्यास इतरांना चालक दुरुस्त करता येतो. म्हणून चालक सुटा असण्याइतकेच तो कोणाच्या हाती आहे, यालाही महत्त्व आहे.